नगरसेवक नसलेल्या शहराचे नागरिकशास्त्र

सहावीच्या इतिहास व नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मुलांना स्थानिक शासनाची ओळख होते. आधी ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. मग नगरपालिका आणि महानगरपालिका. लोक नगरसेवक निवडून देतात, नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात, सभागृह ठरवते आणि आयुक्त ते अमलात आणतात, असे मुले वाचतात आणि स्वाध्यायात लिहितात. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मात्र बराच काळ या चित्रातले फक्त आयुक्त जागेवर होते. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, कारभार प्रशासकाच्या हाती गेला आणि पुढचे मतदान झाले ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पावणेसहा वर्षे ११५ जागांच्या सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. जून २०२० मध्ये सहावीत गेलेले मूल दहावीची परीक्षा देऊन अकरावीत पोहोचले, तेव्हा कुठे शहरात मतदानाची शाई दिसली. जिल्हा परिषदेवरही मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला, त्यामुळे पैठण, कन्नड, सिल्लोडकडच्या मुलांच्या पुस्तकातली जिल्हा परिषदही पुस्तकातच राहिली. माझे म्हणणे असे की, ही वर्षे हाच या शहराच्या नागरिकशास्त्रातला सर्वांत मोठा धडा आहे आणि तो सहावी ते आठवीच्या वर्गांतच शिकवला पाहिजे.

यावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप शिक्षणाच्या कळकळीतूनच येतो, म्हणून त्याला आधी उत्तर दिले पाहिजे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आधी व्यवस्था कशी असायला हवी ते कळू द्या. ती कुठे मोडली हे पुढे कळेलच, असे पुष्कळ शिक्षक आणि पालक म्हणतात. व्याकरणात आधी नियम आणि मग अपवाद, तसेच हे. लोकशाही नीट समजण्याआधीच तिच्या उणिवा दाखवल्या तर मुलाचा तिच्यावरचा विश्वास उडेल, ही त्यामागची भीती. पण मूल व्याकरण शिकायच्या आधी भाषा बोलत असते. तसेच ते नागरिकशास्त्र शिकायच्या आधी शहरात राहत असते. नळाला किती दिवसांनी पाणी येते, गल्लीतला कचरा उचलला नाही तर आई कोणाला फोन करते आणि तो फोन कोणी उचलत नाही, हे त्याने पाहिलेले असते. पुस्तक एक सांगते, गल्ली दुसरे दाखवते आणि या दोहोंतल्या अंतराविषयी वर्गात कोणी चकार शब्द काढत नाही, तेव्हा मूल एवढेच शिकते की पुस्तक परीक्षेपुरते असते. विश्वास उडतो तो या मौनामुळे.

शिवाय ज्याला उणीव म्हणायचे, तिची दखल संविधानाने आधीच घेतली आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-यू आला आणि १ जून १९९३ पासून तो लागू आहे. पालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधीच पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे तो स्पष्ट बजावतो. मग ती का झाली नाही? आधी कोरोनाची साथ होती. नंतर इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रभागरचना कोणी करायची आणि एका प्रभागात किती सदस्य असावेत याचे नियम बदलत राहिले. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेतला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख ठरवून दिली. या एका हकिगतीत सहावीचे स्थानिक शासन, सातवीचे संविधान आणि आठवीतले राज्यशासन व न्यायव्यवस्था असे तीन इयत्तांचे पाठ एकत्र येतात. वचन कोणी दिले, ते कुठे अडले, कोणी सोडवले, सोडवायला इतका वेळ का लागला, हे समजलेले मूल निराश होईल असे मला वाटत नाही. दुरुस्तीची वाटही संविधानातच आहे, हे त्याला कळेल.

पाण्याचे उदाहरण याहून जवळचे. शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. धरण भरलेले असले तरी शहरातल्या कित्येक वस्त्यांना आठ-आठ दिवस नळाची वाट पाहावी लागली आहे. खासगी कंपनीकडे दिलेली समांतर जलवाहिनीची योजना २०१६ मध्ये रद्द झाली. पुढे १,६८० कोटी रुपयांची नवी योजना मंजूर झाली, डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले आणि खर्च वाढत २,७४० कोटींवर गेला. पाणीपुरवठा हा बाराव्या अनुसूचीप्रमाणे पालिकेच्या कक्षेतला विषय. योजनेचे काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या राज्याच्या यंत्रणेकडे. पैसा ‘अमृत’ योजनेतून केंद्राचाही. आणि काम रेंगाळले म्हणून जाब विचारला तो मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने. आता पुस्तकाची मांडणी पाहा. स्थानिक शासन एका वर्षी, केंद्र, राज्य आणि न्यायालय दोन वर्षांनी. आठवीचे मूल न्यायव्यवस्थेचा पाठ वाचते तेव्हा सहावीतली महापालिका विसरलेली असते. एका नळामागे ही सगळी दारे ओळीने उभी आहेत हे त्याला कोणी दाखवत नाही, म्हणून मोठेपणीही ते नेमक्या दाराशी जात नाही. ओळखीचा माणूस शोधते.

दुसरा आक्षेप या शहराला विशेष लागू होतो, आणि तो मी हलका मानत नाही. इथे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची आठवण अजून ओली आहे, शहराच्या नावावरून वाद झाले आहेत, मार्च २०२३ मध्ये किराडपुऱ्यात दंगल झाली आहे. एकाच बाकावर वेगवेगळ्या धर्मांची आणि जातींची मुले बसतात. अशा वर्गात चालू प्रश्न आणले तर पक्ष, जात आणि धर्म पाठोपाठ येतील, एखादा शिक्षक आपले मत लादेल, म्हणून संविधानाची उद्देशिका वाचून घ्या आणि थांबा, असा सल्ला दिला जातो. शिक्षकाने पक्षाचा प्रचार करू नये, हे निर्विवाद. पण महापालिकेचे अंदाजपत्रक कोणी मंजूर केले हा प्रश्न कुठल्या पक्षाचा? वॉर्डात पाणी किती दिवसांनी येते, कायद्याप्रमाणे जबाबदारी कोणाची, अर्ज कुठे करायचा, उत्तर किती दिवसांत मिळायला हवे, हे सारे कागदावर तपासता येते. असे प्रश्न वर्जून ज्या वर्गाला शांत ठेवले जाते, त्या वर्गातली मुले राजकारण मोबाइलवरच्या अफवांतून शिकतात, आणि तिथे एका बाकावर बसण्याची सोय नसते. राज्यातल्या शाळांत २६ जानेवारी २०२० पासून उद्देशिकेचे वाचन सुरू करण्याचे ठरले. तीन महिन्यांनी या शहरातले सभागृह रिकामे झाले. वाचनाचा तो उपक्रम चांगलाच आहे. पण ‘आम्ही भारताचे लोक’ हे शब्द उच्चारणाऱ्या मुलाला आपण त्या लोकांत कधीपासून आहोत हे विचारू दिले नाही, तर वाचन पाठांतरावर थांबते.

मुळात नागरिकशास्त्र या विषयाचा उगमच आज्ञाधारक प्रजा घडवण्यात आहे. ब्रिटिश राजवटीविरुद्ध असंतोष वाढत असताना निष्ठा शिकवण्यासाठी तो अभ्यासक्रमात आला, हे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेच नोंदवले आणि विषयाचे स्वरूप बदलण्याची शिफारस केली. मराठवाड्याला तर प्रजा असण्याचा अनुभव अधिक काळ आला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथली माणसे निजामाची प्रजा होती आणि १९५२ मध्ये त्यांनी प्रौढ मताधिकाराने पहिल्यांदा मतदान केले. १९३८ मध्ये औरंगाबादच्या कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी शिक्षणावर पाणी सोडण्याची तयारी दाखवली, कारण हक्क मागण्याचा रस्ताच त्या राज्यात नव्हता. संविधानाचा मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेला सांगितले होते की संविधानिक नीती उपजत नसते, ती जोपासावी लागते. पुढे दोन वर्षांत, संविधान लागू झाले त्याच १९५० साली, त्यांनी या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. कोलंबियात त्यांना शिकवणारे जॉन ड्यूई लोकशाहीला केवळ शासनपद्धती मानत नसत. ती सहजीवनाची रीत आहे आणि शाळेत ती जगूनच शिकायची असते, अशी त्यांची धारणा. अठराव्या वर्षी मतदार ओळखपत्र हाती येते, पण ते कशासाठी वापरायचे याची सवय त्याआधीच लागावी लागते.

वेळ आणि गुण नाहीत, या तक्रारीत तथ्य आहे. दहावीतही इतिहास-राज्यशास्त्राच्या ४० गुणांपैकी राज्यशास्त्राच्या वाट्याला १२ येतात. खालच्या वर्गांत नागरिकशास्त्र पुस्तकाच्या शेवटी असते आणि वर्ष सरताना उरकले जाते. यावर उपाय शिक्षकाला दोष देण्याचा नाही. हा भाग जूनमध्येच आणावा, आणि रिकाम्या जागा व जोड्यांऐवजी एका प्रश्नाचा माग काढण्याला गुण द्यावेत. राज्याचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलतो आहेच. हा बदल त्यात बसू शकतो.

आता सभागृहात पुन्हा नगरसेवक आहेत. सहावीच्या वर्गाने आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला शाळेत बोलवावे, सत्कारासाठी नव्हे. आधी मुलांनी वहीवर लिहून काढावे की पावणेसहा वर्षे सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे होते. म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि तो मंजूर करणारा एकच होता. मग त्यांनी विचारावे, तुम्ही आल्यापासून कोणता प्रस्ताव अडवला, आणि का?