वाचेची प्रतीक्षा

‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चौथ्या वर्षी बोलला’ असे वडीलधाऱ्यांनी म्हणावे आणि आईबापांनी तेवढ्यावर स्वस्थ राहावे, या रिवाजापायी कित्येक बालकांची भाषाग्रहणाची मोलाची वर्षे वाया जातात. दोन वर्षांचे मूल दोन शब्दही जोडीत नसेल, तर प्रथम त्याच्या श्रवणशक्तीची तपासणी व्हावी. जे कानी पडतच नाही ते जिभेवर कोठून येणार? २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाचाविलंबाचा अंतर्भाव आहे, हे योग्यच. तथापि वाचोपचार हे आठवड्यागणिक, महिनोन्‌महिने चालणारे कार्य असल्यामुळे तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञाची जागा मंजूर होऊन ती भरली गेली पाहिजे. आणि घरी माडिया बोलणाऱ्या गडचिरोलीच्या लेकराची परीक्षा प्रमाण मराठीत घेऊन त्याच्या वाणीत दोष नोंदविणे, हा तर उघड अन्याय होय.