दंडाधिकारी जागेवर हवा

पूर असो, पूल असो की दंगल, ‘लष्कर बोलवा’ ही मागणी आता पहिल्या काही तासांतच होते. एल्फिन्स्टन रोडच्या २०१७ मधील चेंगराचेंगरीनंतर तिथला पादचारी पूलही लष्करानेच बांधला. पुरात बोट घेऊन येणाऱ्या जवानाचे ऋण मान्यच आहे. पण त्याला जमावासमोर बंदूक घेऊन उभे करायचे, तर आदेश देणारा दंडाधिकारी शेजारी लागतो.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३० नुसार हजर असलेला सर्वांत वरिष्ठ कार्यकारी दंडाधिकारी लष्कराकरवी जमाव पांगवू शकत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ ने हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या, जागेवर हजर असलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला दिला आहे. म्हणजे प्राधिकार आदेश आधी निघालेला नसेल, तर चौकात उभ्या तहसीलदाराला तुकडीच्या प्रमुखाकडे तशी मागणी करता येत नाही. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल, तर कलम १५० खाली लष्करी अधिकारी स्वतः कारवाई करू शकतो. ही तरतूद अपवादासाठी आहे. दंडाधिकाऱ्याच्या गैरहजेरीमुळे ती रीत होऊ नये.

मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींत लष्कर आले, पण त्याचा वापर मुख्यतः ध्वजसंचलनापुरता झाला, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. तुकड्या रस्त्यावर होत्या आणि माणसे मरत होती. नागालँडमधील ओटिंगला ४ डिसेंबर २०२१ रोजी उलटे घडले. कोळसा खाणीतून परतणाऱ्या सहा मजुरांना लष्कराच्या विशेष पथकाने ठार केले. त्या कारवाईत सोबत पोलीस वाटाड्या नव्हता आणि ठाण्याकडे तो मागितलाही नव्हता, असे नागालँड पोलिसांनी आपल्या फिर्यादीत लिहिले. तिथे सशस्त्र दले विशेषाधिकार कायदा लागू होता, मुंबईत नव्हता. तरी दोन्हीकडे मुलकी यंत्रणेची जागा रिकामी राहिली. लष्कराने मुलकी सत्तेला साहाय्य करायचे आहे, तिची जागा घ्यायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितले आहे.

जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे की, सणांच्या बंदोबस्त बैठकीची वाट न पाहता कलम १४९ खालील प्राधिकार आदेश नावानिशी काढा. प्रती पोलीस अधीक्षकांना आणि जवळच्या लष्करी मुख्यालयाला द्या. प्रांत आणि तहसीलदारांनी मागणी लेखी द्यावी, वेळ नोंदवावी आणि तुकडी परत जाईपर्यंत तिच्यासोबत जागेवर थांबावे.