लॅपटॉपला वायफाय दिसत नाही तेव्हा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. म्हणून चालता लॅपटॉप भंगारात घालण्याचे कारण नाही. त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून घ्यावी आणि मुलांच्या अभ्यासाला, अर्ज भरायला ते यंत्र आणखी काही वर्षे वापरावे, असे आम्ही सर्वांना सांगत असतो. परंतु या वाटेत एक खड्डा आहे. त्यात गरिबाचे पैसे विनाकारण जातात, म्हणून आजचा हा प्रपंच.

फुलसावंगीतील एका घरची हकिकत सांगतो. मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा होता. घरच्या वायफायचे नाव मोबाईलवर दिसे, पण लिनक्सच्या लॅपटॉपवर दिसेना. गंमत अशी की, शेजारच्या दोन घरांची वायफाय त्याच लॅपटॉपवर व्यवस्थित दिसत होती. दुकानात विचारले तर, वायफायचे कार्ड गेले, नवे बसवा, असा सल्ला मिळाला. मुलीने आम्हास विचारले, "काका, घेऊ का कार्ड?" आम्ही म्हटले, "थांब बेटा, आधी चॅनल बघू." राउटर १३ क्रमांकाच्या चॅनलवर बसला होता. तो ६ वर आणताच नाव दिसू लागले आणि अर्ज त्याच संध्याकाळी भरला गेला. खर्च शून्य.

असे का झाले, हे प्रत्येक घराने समजून घेणे जरूर आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायचे चॅनल म्हणजे ठरवून दिलेल्या वाटा. पहिली वाट २४१२ मेगाहर्ट्झवर, आणि पुढची प्रत्येक वाट ५ मेगाहर्ट्झने पुढे. तेरावी येते २४७२ वर. कोणत्या वाटेवर चालायचे, हे प्रत्येक देशाचे सरकार ठरवते. अमेरिकेत सामान्यतः १ ते ११ वापरतात. आपल्या देशात १ ते १३ चालतात. भारत सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त केला. तेव्हा १२ आणि १३ वापरण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे.

आम्ही पडलो कारकून, म्हणून कचेरीतला दाखला देतो. लिनक्सजवळ देशोदेशींच्या नियमांची एक नोंदवही असते. आपण कोणत्या देशात आहोत हे यंत्राला कोणी सांगितले नसेल, तर ते ‘००’ हे सर्व जगासाठीचे सावध पान उघडून बसते. आणि अमेरिकेचे पान उघडले असेल, तर १२ आणि १३ ही चॅनले बंदच. यंत्र बिघडलेले नसते, ते दुसऱ्या देशाचा कायदा इमानाने पाळत असते. राउटर ‘ऑटो’वर असेल तर तो स्वतःच चॅनल बदलतो. म्हणून काल वायफाय दिसत होते, आज नाही, असाही अनुभव येतो.

आता उपाय क्रमाने करावेत.

पहिला उपाय राउटरवर. त्याच्या खालच्या चिठ्ठीवर सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. ते पान मोबाईलवर उघडावे आणि चॅनल ‘ऑटो’ऐवजी १, ६ किंवा ११ ठेवावे. ही तिन्ही एकमेकांवर चढत नाहीत. बहुतेक घरांचे काम येथेच भागते.

दुसरा उपाय लॅपटॉपवर. टर्मिनल उघडून रोमन लहान अक्षरांत तीन शब्द लिहावेत : पहिला आय-डब्ल्यू, दुसरा आर-ई-जी, तिसरा जी-ई-टी. कोणत्या देशाचे पान उघडे आहे ते दिसेल. भारताचे पान उघडण्यासाठी एस-यू-डी-ओ, आय-डब्ल्यू, आर-ई-जी, एस-ई-टी हे चार शब्द लिहून शेवटी मोठ्या लिपीत आय-एन लिहावे. यंत्र बंद केले की ही आज्ञा पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे. ती कायम करण्याची रीत प्रत्येक लिनक्समध्ये थोडी वेगळी असते, ती जाणकाराकडून करून घ्यावी.

काही कार्डांत बनवतानाच देश कोरलेला असतो. तेथे आपली आज्ञा नियम सैल करू शकत नाही. अशा वेळी पहिलाच उपाय खरा. कोणी सांगेल की, भलत्याच देशाचे नाव घाला म्हणजे सगळी चॅनले खुली होतील. तसे मुळीच करू नये. तो आपल्या देशाचा नियम नव्हे, आणि त्याची गरजही नाही.

आणखी एक शक्यता आहे. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल आणि जुने कार्ड २.४ पुरतेच असेल, तर कोणत्याही आज्ञेने ते दिसणार नाही. राउटरवर २.४ चा पट्टा सुरू करावा. तो नसेल तरच नव्या कार्डाचा विचार करावा.

आपल्या वस्तीत ज्या मुलामुलींना संगणकाची थोडी माहिती आहे, त्यांनी या रविवारी चार घरी जाऊन राउटरचे चॅनल तपासावे आणि क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून राउटरला चिकटवावा. अर्जाची शेवटची तारीख आली म्हणजे पुसद-उमरखेडला दुरुस्तीसाठी धावण्याइतका वेळ नसतो. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.