थांबलेल्या पेशी

गेले दोन आठवडे हे सदर निघालं नाही, म्हणून काही वाचकांचे फोन आले. कारण घरचंच होतं. माझ्या खानापूरच्या वहिनी सध्या टिळकवाडीत आमच्याकडे आहेत. त्यांच्या डाव्या स्तनात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि आता रेडिएशनच्या, आपल्याकडे ज्याला सगळे ‘लाइट’ म्हणतात त्याच्या, पंधरा बैठका चालू आहेत. सकाळी दवाखाना, दुपारी झोप आणि संध्याकाळी मागच्या दारी आम्ही दोघी. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. “नाव तेवढं घालू नका, बाकी काय लिहायचं ते लिहा की,” म्हणाल्या.

आधी माझी चूक सांगते. बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा भाच्याने तो फोनवर वाचून दाखवला : ‘इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा’. “आत्या, इन्व्हेजिव्ह म्हणजे आक्रमण करणारा ना? म्हणजे सगळीकडे पसरलाय!” घरात रडारड झाली आणि आईला काही सांगायचं नाही असं ठरलं. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या मीही त्याला मान डोलावली. आठ दिवस आम्ही ‘साधी गाठ आहे’ म्हणत राहिलो. नवव्या दिवशी वहिनींनीच मला बाजूला घेतलं. “वन्सं, साध्या गाठीसाठी पोरगा मध्यरात्री उठून देवापुढं बसतो होय?”

मग मी रिपोर्ट काढला आणि त्यांच्यासमोर बसले. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

वहिनींचा जन्म भातशेतीत गेला, त्यामुळे बांधाचंच उदाहरण दिलं. स्तनात दूध वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. नळीच्या आतून पेशींचा थर असतो आणि त्या थराभोवती एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. डॉक्टर त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. कोलॅजन, लॅमिनिन अशा प्रथिनांचं ते विणकाम. बिघडलेल्या पेशी या पापुद्र्याच्या आतच वाढत असतील तर रिपोर्टात ‘इन सिटू’ लिहितात, म्हणजे जागच्या जागी. पापुद्रा ओलांडून बाहेरच्या उतीत शिरल्या असतील तर ‘इन्व्हेजिव्ह’. म्हणजे बांध फुटला आहे, एवढंच तो शब्द सांगतो. पाणी किती दूर गेलं ते सांगत नाही. ते काखेतल्या गाठी तपासून आणि इतर तपासण्यांवरून कळतं. भाच्याने एका शब्दावरून सगळं शिवार पाण्याखाली घातलं होतं. (स्तनाच्या कर्करोगात बहुतेक रिपोर्टांत हाच शब्द असतो, हेही वाचकांनी लक्षात ठेवावं.)

“बांध फोडतं कोण?” वहिनींचा पुढचा प्रश्न.

तर तीही प्रथिनंच. १९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर हे दोन संशोधक बेडकाच्या पिल्लाची शेपटी अभ्यासत होते. पिल्लाचा बेडूक होताना शेपटी गळून पडत नाही, ती जागच्या जागी विरघळते. एवढं चिवट कोलॅजन विरघळवतं कोण, हे शोधताना त्यांना ते कापणारं एक विकर सापडलं. या कुळातल्या विकरांना पुढे मेटॅलोप्रोटीनेज हे जडजंबाल नाव मिळालं. माणसात अशी वीसहून अधिक आहेत. जखम भरताना, गर्भ रुजताना ती लागतातच. कर्करोगाच्या पेशी याच कात्र्यांनी पापुद्रा कापतात. १९८० साली लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उंदरांमधली जी गाठ पापुद्र्यातलं कोलॅजन जास्त कापते, तीच जास्त पसरते. मग साहजिकच १९९० च्या दशकात या कात्र्या बोथट करणारी औषधं निघाली. मोठा गाजावाजा झाला, पण रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत ती उतरली नाहीत. उलट सांधे आखडू लागले. चांगल्या कामाच्या कात्र्याही त्यात बंद पडत होत्या.

इथपर्यंत वहिनी शांतपणे ऐकत होत्या. पण त्यांच्या मनात खरा सल निराळाच होता. समाचाराला आलेली एक बाई सहज बोलून गेली होती, “या वयात व्हायचंच हो हे.” वहिनी अडुसष्टच्या. “म्हणजे म्हातारी झाले हाच माझा गुन्हा?” त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज हलला.

याचं उत्तर मला एका वाक्यात देता आलं नाही. चार संध्याकाळी गेल्या.

१९६१ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या पेशी बशीत वाढवून पाहिल्या. त्याआधी जवळजवळ अर्धं शतक शास्त्रज्ञांची अशी समजूत होती, की शरीराबाहेर नीट सांभाळल्या तर पेशी कायम वाढत राहतील. हेफ्लिकना दिसलं ते उलट. साधारण पन्नास वेळा दुभंगल्यावर पेशी थांबतात. मरत नाहीत हं, थांबतात. खातात, पितात, पण पुन्हा दुभंगत नाहीत. या अवस्थेला सेनेसन्स म्हणतात, पेशीचं म्हातारपण.

आणि न थांबणारी पेशी कोणती? कर्करोगाची. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. ती बाई त्याच वर्षी गेली. त्या पेशी वाढवणाऱ्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत आपल्या पुण्याच्या कमल रणदिवे काम करून आल्या होत्या. हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, शरीराबाहेर पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. स्तनाच्या कर्करोगावरच त्यांचं काम होतं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. हे नाव ऐकल्यावर वहिनींनी मला पुन्हा म्हणायला लावलं.

पेशीला ‘थांब’ म्हणणारी प्रथिनं आहेत. त्यांतलं सर्वांत नावाजलेलं पी ५३, १९७९ साली सापडलेलं. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की हे प्रथिन तिला थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होणार नसेल तर कायमची थांबवतं किंवा मरायला लावतं. माणसांच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत पी ५३ बिघडलेलं सापडतं. मग ते जास्तच कामाला लावलं तर? २००२ साली अमेरिकेत लॉरेन्स डोनहॉवर यांच्या गटाकडे योगायोगाने असे उंदीर तयार झाले, ज्यांचं पी ५३ सदा जागं. त्यांना गाठी फारच कमी झाल्या. पण पाठीला पोक आलं, हाडं ठिसूळ झाली आणि आयुष्य सुमारे वीस टक्क्यांनी घटलं. त्याच वर्षी माद्रिदच्या मान्युएल सेरानो यांच्या गटाने निराळे उंदीर केले. पी ५३ ची जादा प्रत दिली, पण ती गरज पडेल तेव्हाच चालणारी. या उंदरांना गाठी कमी झाल्या आणि म्हातारपणही वेळेवरच आलं.

मला हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहायला फार आवडतं. पहारेकरी दोन्हीकडे होता. एकीकडे तो रात्रंदिवस ओरडत होता, दुसरीकडे चाहूल लागली तरच.

म्हणजे पेशींचं थांबणं हे मुळात आपलं संरक्षण आहे. वहिनींच्या शरीरात अडुसष्ट वर्षांत किती पेशी बिघडल्या असतील आणि गुपचूप थांबल्या असतील, त्याची गणती कोण करणार? त्या थांबल्या म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही. हे मी सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा जरा सैल होऊन बसल्या.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि एकदा लपवाछपवी करून झाल्यामुळे उरलेलं सांगणं भाग होतं. या थांबलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या ज्युडिथ कॅम्पिसी या बाईंनी हे उलगडलं. २००१ साली त्यांच्या गटाने दाखवलं, की थांबलेल्या पेशींच्या सोबतीत, बिघडण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या पेशी जोमाने वाढतात. २००८ साली त्याचं कारण समोर आलं. थांबलेली पेशी आजूबाजूला बरीच प्रथिनं सोडत राहते. त्यांत इंटरल्यूकिन ६ आणि ८ ही दाह वाढवणारी असतात आणि मघाच्या त्या कात्र्याही असतात. बशीतल्या प्रयोगांत याच इंटरल्यूकिनांमुळे शेजारच्या पेशी एकमेकींचा हात सोडून आक्रमक होताना दिसल्या. तरुणपणी अशा पेशी थोड्या असतात आणि शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा त्यांना उचलून नेते. वयाबरोबर त्या साठत जातात. वाढतं वय आणि कर्करोग यांच्यातला एक धागा हा आहे. एकुलता एक मात्र नव्हे.

“म्हणजे ओट्यावर बसून कान भरणाऱ्या म्हाताऱ्या की!” वहिनी म्हणाल्या आणि किती दिवसांनी मोठ्याने हसल्या. त्यांचा रोख त्या समाचाराला आलेल्या बाईंवर होता, हे सांगायला नकोच.

“मग त्यांना घालवून का देत नाहीत?”

तेही करून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी उंदरांमधल्या अशा पेशी काढून टाकल्या. २०११ साली, लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांत मोतीबिंदू आणि स्नायूंची झीज लांबली. २०१६ साली साध्या उंदरांचं आयुष्य वाढलं आणि गाठीही उशिरा आल्या. माणसांवर लहान चाचण्या चालू आहेत, पण कर्करोगासाठी किंवा म्हातारपणासाठी असं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. जाहिरातीत ‘वय थांबवणाऱ्या’ गोळ्या दिसल्या तर पैसे जपून ठेवा. शिवाय सरसकट हाकलणंही बरं नव्हे. २०१४ साली कॅम्पिसींच्याच गटाला उंदरांत दिसलं, की जखमेच्या जागी या पेशी थोड्या दिवसांसाठी येतात आणि त्यांनी सोडलेल्या एका प्रथिनामुळे जखम लवकर भरते. त्या काढल्या तर भरायला उशीर लागतो.

वहिनींनी पदराखालच्या टाक्यांवरून हात फिरवला. “मग इथं आल्या असतील आता.”

असतील. आणि लाइटमुळेही काही उरल्यासुरल्या बिघडलेल्या पेशी मरतात, काही कायमच्या थांबतात, हेही मी सांगितलं. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या आहेत. पुढे काही वर्षं रोज एक गोळी आहे. गाठ परत येणारच नाही असं डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हटलं नाही. वहिनींनी विचारलं, मी जे आहे ते सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “बरं. आता चहा टाका.”

भाचा दर रविवारी येतो. मागच्या रविवारी वहिनींनी त्यालाच समोर बसवून बांधाची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा बरी. बेडकाच्या शेपटीपाशी जरा अडखळल्या, मग मला हाक मारली.

उद्या दहावी बैठक. सकाळी साडेआठला निघायचं आहे.