गाण्याचा पत्ता



समजा, उद्या परगावचे एक पाहुणे तुमच्या घरी आले आणि त्यांनी विचारलं, "काय रे, तुमच्या गावात गाणं कुठं ऐकायला मिळतं?" तर तुम्ही काय सांगाल? टीव्ही लावून द्याल, नाहीतर मोबाइल पुढं कराल. पाहुणे म्हणतील, "तसलं नव्हे रे बाबा! समोर माणूस बसलाय, पेटी वाजतेय, आपण मांडी घालून ऐकतोय, आणि वाटलंच तर आपणही सूर मिसळतोय, असं गाणं!"

झाली ना पंचाईत?

खरं म्हणजे पंचाईत व्हायचं काही कारण नाही. असं गाणं बहुतेक गावांत आणि शहरांतल्या कितीतरी पेठांत, वाड्यांत, वस्त्यांत आजही चालू असतं. सायकलीवरून जाता येईल इतक्या जवळ! फक्त त्याची जाहिरात नसते आणि तिकीटही नसतं. म्हणूनच ते आपल्याला दिसत नाही. पण त्याचा पत्ता असतो, बरं का! तो कसा शोधायचा, तेच आज आपण पाहू.

पहिली खूण आहे तुमच्या घरातल्या भिंतीवर. हो, कॅलेंडर! तुम्ही म्हणाल, गाण्याचा आणि कॅलेंडरचा काय संबंध? अहो, आपल्याकडचं बरंचसं गाणं तिथीवर चालतं. एकादशीचा चौकोन शोधा. त्या रात्री विठ्ठलाच्या देवळात भजन असायचंच. कितीतरी देवळांत आठवड्याचा वार ठरलेला असतो. दत्ताच्या देवळात गुरुवारी, मारुतीच्या देवळात शनिवारी मंडळी जमतात. देवळाच्या दाराशी एखादा फळा असतो, त्यावर खडूनं सगळं लिहिलेलं असतं. आपण रोज त्याच्यासमोरून जातो, पण वाचत मात्र नाही!

आता महिन्यांची पानं उलटत चला. आषाढातली पौर्णिमा म्हणजे गुरुपौर्णिमा. त्या सुमारास गाण्याच्या, तबल्याच्या क्लासांचे कार्यक्रम होतात. तिथं तुमच्याच वयाची मुलं गातात आणि ऐकायला कुणालाही जाता येतं. श्रावणात मंगळागौर येते. नवरात्रात भोंडला असतो. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा आणि गाणी म्हणायची. खानदेश आणि विदर्भातल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे भुलाबाई असते. अगदी बरोबर! कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळांत पहाटेचा काकडा असतो. थंडीत अंथरुणातून उठायचं जिवावर येतं खरं, पण पहाटेच्या शांततेत टाळ-मृदंगाचा आवाज एकदा ऐकून तर बघा.

कॅलेंडरवर नुसत्या तिथी नसतात, तारखाही असतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीचे पोवाडे असतात. १४ एप्रिलच्या सुमारास वस्तीवस्तीत भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात. लोककवी वामनदादा कर्डक यांनी (१९२२–२००४) गावोगाव फिरून अशी असंख्य गाणी गायिली. आजच्या गायक मंडळींना विचारा, त्यांना वामनदादांची गाणी तोंडपाठ असतात. दर्ग्याच्या उरुसाला कव्वाली असते. मिरजेचं उदाहरण तर फार सुंदर आहे. तिथल्या ख्वाजा शमनामीरांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गायन-वादनाची सभा भरते. खाँसाहेब १९३७ साली गेले. तरीही त्यांच्यासाठी गायचं ही रीत गायकांनी सोडलेली नाही.

दुसरी खूण म्हणजे वाद्यं दुरुस्त करणारे कारागीर. पखवाजाला पुडी बसवणारे, तबल्याला शाई भरणारे, पेटीचे सूर नीट लावून देणारे. गावात किंवा तालुक्याला असं एखादं दुकान असतंच. त्यांना विचारा, "काका, आमच्या भागात कोण कोण वाजवतं?" कुणाचा पखवाज कधी फाटला, कुठल्या मंडळानं नवे टाळ घेतले, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. (मिरजेचं नाव वर आलंच आहे, तर हेही सांगतो. मोठ्या भोपळ्यांपासून सतार आणि तंबोरा बनवणारे कारागीर तिथं पिढ्यान् पिढ्या काम करताहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.)

तिसरी खूण तुमच्या जवळच आहे. तुमचे दोन कान! संध्याकाळी जेवणापूर्वी पाच मिनिटं गच्चीत किंवा अंगणात उभे राहा. टीव्हीचा आवाज बंद करा. वाहनांचे आवाज वेगळे करा. लांबून टाळांची किणकिण येते का? ढोलकी वाजते का? आली, की त्या दिशेनं निघायचं. एकटं मात्र नाही हं! घरी सांगून, कुणातरी मोठ्यांना बरोबर घेऊन.

प्रत्येक भागाची तऱ्हा निराळी असते, बरं का. सिंधुदुर्गात डबलबारी भजन असतं. दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा! कोकणातली माणसं मुंबईला गेली, तेव्हा हे भजनही त्यांच्याबरोबर मुंबईला गेलं. विदर्भात खंजिरी भजन असतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरीवर भजनं गात हिंडले. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम आहे आणि विदर्भातल्या खेड्याखेड्यांत गुरुदेव सेवा मंडळाची मंडळी सामुदायिक प्रार्थनेला एकत्र जमतात. जव्हारकडे आदिवासी पाड्यांवर तारपा वाजतो. सुकलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांपासून बनवलेलं हे वाद्य. ते वाजू लागलं, की सगळा पाडा फेर धरतो.

गोव्यात गणेश चतुर्थीला घुमट आरती ऐकायला मिळते. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. एका तोंडावर कातडं ताणलेलं, दुसरं उघडं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. घोरपड हा संरक्षित प्राणी असल्यामुळं आता बकऱ्याचं कातडं लावतात. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला.

आणि शहरातल्या मुलांनो, तुम्ही हिरमुसू नका. कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा आहे. पुण्याचा भारत गायन समाज भास्करबुवा बखले यांनी १९११ साली काढला. अशा जुन्या संस्थांमध्ये आजही गाणं शिकवतात आणि तिथल्या मैफली मोठ्या महोत्सवांपेक्षा लहान असतात. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून पुण्यात होतो. तिथं हजारो माणसं असतात, त्याची मजा वेगळी. पण लहान बैठकीत तुम्ही गायकापासून चार हातांवर बसता. श्वास कुठं घेतला, डोळे कधी मिटले, तंबोऱ्याची तार कशी छेडली, सगळं दिसतं.

एक युक्ती सांगून ठेवतो. कार्यक्रमाला जायचंच, पण शक्य झालं तर सरावाला जा. कार्यक्रमात मंडळी गाऊन मोकळी होतात. सरावात मात्र ती थांबतात, चुकतात, हसतात, तीच ओळ पुन्हा चार वेळा घेतात. शिकायचं असेल तर सरावासारखी शाळा नाही.

आता तिथं गेल्यावर काय करायचं? पादत्राणं बाहेर. कुठलंही वाद्य ओलांडायचं नाही आणि विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मोबाइल खिशात. गाणं टिपून घ्यायचं असेल, तर बुवांना आधी विचारायचं. मग मागच्या बाजूला शांत बसायचं आणि मनातल्या मनात मोजायला लागायचं. भजनाच्या ठेक्यात बहुधा आठ मात्रा असतात. एक ते आठ, पुन्हा एक. 'एक' आला, की सगळ्यांच्या माना एकदम हलतात. ती झाली सम! समेवर तुमचीही मान आपोआप हलली, की समजा, तुम्ही आत आलात.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला कुणीतरी आजोबा तुमच्या हातात टाळ ठेवतील. घाबरायचं नाही. हळू वाजवायचा, शेजाऱ्याच्या हाताकडे बघत. कदाचित वीणाही बघायला मिळेल. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री तीन वाजता पहाऱ्याला कुणीतरी उभं राहावंच लागतं.

आणि इथंच थोडी काळजीची गोष्ट आहे. पहाऱ्याला उभं राहायला माणसं कमी पडू लागली आहेत. पुष्कळ मंडळांत टाळकऱ्यांचे केस पांढरे झालेत आणि मागं नवं कुणी दिसत नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय? अभंग तर पुस्तकात आहेतच! खरं आहे. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग छापलेले आहेत. पण त्यांतल्या एकाही अभंगाची तुमच्या गावची चाल तिथं सापडायची नाही. शब्द पुस्तकात राहतात, चाल माणसांच्या गळ्यात राहते. तुमच्या गावचे बुवा एखादी गवळण ज्या चालीवर म्हणतात, ती चाल त्यांच्या गुरूंनी त्यांना तोंडानं शिकवलेली असते. ती दुसऱ्या कुणी उचलली नाही, तर एक दिवस ती नाहीशी होईल, आणि नाहीशी झाली हेसुद्धा कुणाला कळणार नाही.

असं पूर्वी घडलेलं आहे. तुमच्या पणजीच्या काळी घरोघरी पहाटे जातं फिरे आणि त्याच्या घरघरीवर ओव्या म्हटल्या जात. माहेर, भाऊ, विठोबा, सासरचे कष्ट, सगळं त्यांत असे. पुढं पिठाची गिरणी आली. हात सुटले, फार मोठे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जातं थांबलं, तशी ओवीची जागाही गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारावर गावांत जाऊन बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. किती मोठं काम! पण जी गावं राहिली, ज्या आज्या आधीच गेल्या, त्यांच्या ओव्यांचं काय?

तेव्हा गाणं टिकायला नुसता संग्रह पुरत नाही. ते गायची जागा टिकावी लागते आणि तिथं कुणीतरी येऊन बसावं लागतं. तो 'कुणीतरी' तुम्ही होऊ शकता. त्यासाठी गोड गळा लागत नाही. आठपर्यंत मोजता आलं, की पुरे!

आई-बाबांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. मुलांना क्लासला घालणं चांगलंच. पण महिन्यातून एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर अशा ठिकाणी जाऊन बसा. परीक्षेचं वर्ष असलं, तरी एकादशीचा एक तास फार नाही. कार्यक्रम कुठल्या देवाचा, कुठल्या वस्तीतला, हे बघून थांबू नका. मंदिरात जा, दर्ग्यात जा, भीमजयंतीच्या मांडवात जा. मुलं जे ऐकतात, त्यातून त्यांना आपलं गाव कळतं.

आता या आठवड्याचा उद्योग. एक वही घ्या. तिला नाव द्या, 'आमच्या गावचं गाणं'. पानावर पाच रकाने आखा : ठिकाण, वार किंवा तिथी, काय गातात, कोणती वाद्यं, आणि कोणाकडून शिकले. पाचवा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. त्यासाठी तुम्हाला बुवांशी, आजींशी, शाहिरांशी बोलावं लागेल. "ही चाल तुम्हाला कुणी शिकवली?" एवढंच विचारा आणि बघा, त्यांची कळी कशी खुलते!

महिनाभरात निदान तीन ठिकाणं वहीत यायला हवीत. मग वर्गातल्या सगळ्यांच्या वह्या एकत्र करा आणि गावाचा एक मोठा नकाशा काढा. जिथं जिथं गाणं आहे, तिथं तिथं लाल ठिपका द्या. तो नकाशा शाळेच्या भिंतीवर लावा.

पुढच्या खेपेला पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं, की नकाशावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "चला, आज गुरुवार आहे. दत्ताच्या देवळात आठ वाजता सुरू होतं. टाळ मी घेतो, तुम्ही नुसते चला!"