अमेरिकी व्हिडिओ आणि तुमच्या हातातलं पेन

2025 मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही भारतात आली आणि आठवड्यातून एकदा स्वतः घ्यायच्या इंजेक्शनची पेन घरोघरच्या फ्रिजमध्ये दिसू लागली. ती वापरायची कशी, हे बरेच रुग्ण यूट्यूबवर शिकतात. घोटाळा तिथेच होतो. अमेरिकी व्हिडिओत बहुतेकदा ऑटोइंजेक्टर असतो: एकच डोस, सुई आत लपलेली, त्वचेवर टेकवून दाबला की झालं. आपल्याकडच्या या पेनमध्ये मात्र चार आठवड्यांचे चार डोस असतात. दर वेळी नवी सुई लावायची, डोस फिरवून घ्यायचा, बटण शेवटपर्यंत दाबायचं आणि सुई आतच ठेवून सावकाश अंक मोजायचे. वेगोव्हीला सहा, मौंजारोला पाच. घाईने सुई काढली तर औषध बाहेर गळतं, डोस कमी पडतो.

एकच पेन नवरा-बायकोने वाटून घेतल्याचंही कानावर येतं. किंमत पाहता मोह कळतो, पण हे अजिबात नको. सुई बदलली तरी रक्ताचा अंश पेनमध्ये शिरू शकतो; हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही असे पसरू शकतात.

पहिला डोस दवाखान्यात, डॉक्टर किंवा नर्ससमोर, पण स्वतःच्या हाताने घ्या. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात टाका, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही.