चौदाव्या दिवशी विचारायचा एक प्रश्न

दुर्मीळ आजारांची चर्चा आपल्याकडे सुरू झाली की ती बहुधा पैशांपाशी येऊन थांबते. कोट्यवधी रुपयांचे इंजेक्शन, समाजमाध्यमांवरील मदतीची आवाहने, न्यायालयांतील याचिका आणि २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली मिळणारे ५० लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य, हेच तिचे नेहमीचे विषय असतात. हे प्रश्न खरे आहेत. परंतु काही दुर्मीळ आजारांवर गेली कित्येक दशके शस्त्रक्रिया उपलब्ध आहे आणि ती करू शकणारे सर्जन आपल्या देशातही आहेत. तरीही मुले दगावतात, कारण निदान होईपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. अशा आजारांतील एक म्हणजे बिलियरी अट्रेसिया. त्याच्या निदानात होणारा उशीर कमी करण्यासाठी नव्या यंत्राची फारशी गरज नाही, गरज आहे ती एक साधा प्रश्न प्रत्येक बाळाच्या घरी विचारला जाण्याची, असे माझे मत आहे.

यकृतात तयार होणारे पित्त ज्या नलिकांमधून आतड्यात उतरते, त्या नलिका या आजारात जन्माच्या सुमारास आक्रसून बंद होतात. पित्ताला वाट उरत नाही. ते यकृतातच साचते आणि काही आठवड्यांतच यकृताला व्रण पडू लागतात. पुढे सिरोसिस होतो. उपचार न झाल्यास यांतील बहुतेक मुले आयुष्याची पहिली दोन-तीन वर्षेही पुरी करत नाहीत. युरोपात साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो, तर तैवानमध्ये सुमारे ५ ते ६ हजार जन्मांमागे एकाला. भारतात वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक बालके जन्माला येतात. युरोपातील सर्वांत कमी प्रमाण धरले, तरी दरवर्षी अशी हजाराहून अधिक बाळे आपल्याकडे जन्मत असली पाहिजेत. दर हजारी प्रमाणात हा आजार नगण्य वाटतो, परंतु एवढ्या मोठ्या देशात दुर्मीळ या शब्दाचा अर्थ मोजून पाहावा लागतो.

१९५० च्या दशकापर्यंत या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांवर काहीच करता येत नसे. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठाचे शल्यविशारद मोरियो कासाई यांनी ती वाट मोकळी केली. बंद पडलेला पित्तमार्ग काढून टाकायचा आणि आतड्याचा एक भाग वर आणून थेट यकृताच्या मुखाशी जोडायचा, ही त्यांची कल्पना. १९५९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि आजही जगभर ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र तिची एक कठोर अट आहे. बाळाचे वय ६० दिवसांच्या आत असेल तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते, आणि ९० दिवसांनंतर ती झपाट्याने घटते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही अनेक मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण लागते. तरी मधली वर्षे अमूल्य असतात. त्या काळात मूल वाढते, त्याचे वजन भरते, लसीकरण पुरे होते आणि कुटुंबालाही तयारीला अवधी मिळतो.

भारतातील मोठ्या केंद्रांमधून प्रसिद्ध झालेले अहवाल मात्र वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आले आहेत. यांतील कित्येक बाळे तेथे पोहोचतात, तेव्हा दोन-तीन महिने उलटून गेलेले असतात. असे का व्हावे? केवळ अज्ञान किंवा निष्काळजीपणा म्हणून हा प्रश्न सोडून देणे सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही.

पहिली अडचण अशी, की नवजात बाळाची कावीळ ही अत्यंत सामान्य गोष्ट आहे. पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात ती होते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते. म्हणून ‘काळजी करू नका, उतरेल’ हे वाक्य उच्चारणारा डॉक्टर, परिचारिका किंवा घरातील आजी हजारो वेळा बरोबरच ठरते. ज्या एका वेळी ते वाक्य चुकते, ती चूक बोलणाऱ्याला बहुधा कधी कळतही नाही. ते बाळ दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरातील दुसऱ्या रुग्णालयात दाखल होते आणि ‘उतरेल’ म्हणणाऱ्याच्या अनुभवात आणखी एका बऱ्या झालेल्या बाळाची नोंद होते. दुर्मीळ आजाराच्या निदानातील खरी अडचण हीच आहे. ज्याला तो प्रथम भेटतो, त्याचा सारा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देत असतो.

दुसरी अडचण बाळाच्या दिसण्याची. हे बाळ आजारी वाटत नाही. ते दूध पिते, हसते, सुरुवातीला वजनही धरते. कावीळ फार गडद नसते. रक्त तपासले आणि अहवालात केवळ एकूण बिलिरुबिन पाहिले, तर आकडा पहिल्या आठवड्यापेक्षा कमीही दिसू शकतो आणि घर निश्चिंत होते. प्रत्यक्षात पाहायचा असतो तो डायरेक्ट बिलिरुबिनचा आकडा. यकृताने प्रक्रिया करून पित्तात सोडण्यासाठी तयार केलेला हा भाग आहे. त्याचे रक्तातील प्रमाण १ मिलिग्रॅमच्या वर जाणे कोणत्याही बाळात स्वाभाविक मानले जात नाही. निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा उपचार या प्रकारच्या काविळीवर चालत नाही. कोवळे ऊन, घुटी किंवा कावीळ उतरवण्याचे तोडगे यांनी बंद नलिका उघडण्याचा तर प्रश्नच नाही. शिवाय पित्ताअभावी व्हिटॅमिन के नीट शोषले जात नाही, त्यामुळे मेंदूतील रक्तस्राव हेच काही बाळांच्या आजाराचे पहिले ठळक लक्षण ठरते.

आणि तरीही हा आजार स्वतःची खूण रोज घरात ठेवून जात असतो. पित्तामुळेच बाळाच्या शौचाला पिवळा किंवा हिरवट रंग येतो. पित्त आतड्यात उतरले नाही, की शी फिकट होत जाते. ती खडूसारखी, राखाडी किंवा शाडूच्या मातीसारखी दिसू लागते. लघवी मात्र गडद पिवळी होते आणि दुपट्यावर डाग पडतो, एरवी एवढ्या लहान बाळाची लघवी जवळजवळ रंगहीन असते. बाळाची शी दिवसातून अनेकदा पाहणारी व्यक्ती म्हणजे त्याची आई किंवा आजी. हिरवी शी झाली की घर घाबरते, वास्तविक ती बहुधा निरुपद्रवी असते. पांढुरकी शी झाली की ‘दुधावरचे बाळ आहे, असायचेच’ असे म्हणून ती धुऊन टाकली जाते. पुरावा रोज हाती येतो, पण तो पुरावा आहे हे कोणी सांगितलेले नसते.

तैवानने नेमके हेच सांगण्याची व्यवस्था केली. प्रायोगिक टप्प्यानंतर २००४ पासून तेथे प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शौचाच्या रंगांचे एक कार्ड छापले जाऊ लागले. त्यावर सर्वसाधारण आणि धोक्याच्या रंगांची छायाचित्रे असतात आणि पालकांनी त्यांच्याशी रंग ताडून पाहायचा असतो. त्यानंतर ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या बाळांचे प्रमाण सुमारे निम्म्यावरून दोन-तृतीयांशाच्या आसपास गेले आणि जगणाऱ्या मुलांचे प्रमाणही वाढले. जपाननेही २०१२ मध्ये असे कार्ड आपल्या माता-बाल आरोग्य पुस्तिकेत समाविष्ट केले. एका रंगीत पानाने हे साधले.

आपल्याकडे असे पान कोठे बसवायचे, याचा शोध घ्यावा लागणार नाही. प्रत्येक गर्भवतीला मिळणारे माता-बाल संरक्षण कार्ड आहेच. नवजात बालकाच्या गृहभेटींचा कार्यक्रमही आहे. त्यामागची मूळ कल्पना डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध करून दाखवली, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. २०११ पासून देशभर लागू झालेल्या या कार्यक्रमात आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. सहाव्या आठवड्यात बाळ लसीकरणासाठी येतेच. म्हणजे चौदाव्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, जेव्हा हे निदान व्हायला हवे नेमक्या त्याच काळात, आरोग्यव्यवस्था बाळाला निदान चार वेळा पाहते. भेट होते, फक्त प्रश्न विचारला जात नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेले ओठ, वाकडी पावले, हृदयदोष आहेत. बिलियरी अट्रेसिया नाही.

यावर काही आक्षेप येतील आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. अशा कार्डाने हजारो आईबाप उगाच घाबरतील, हा पहिला. तैवानचा अनुभव तसे सांगत नाही. खरोखर पांढरी शी निरोगी बाळात क्वचितच आढळते. दुसरा आक्षेप छपाईचा, आणि तो अधिक गंभीर आहे. आपल्याकडे कार्डे राज्याराज्यांत वेगवेगळ्या ठिकाणी छापली जातात, पुष्कळदा त्यांच्या छायाप्रती वापरल्या जातात. शाई फिकी पडली तर रंगांचे कार्ड कार्ड न राहता दिशाभूल ठरेल. म्हणून रंगांचे एकच प्रमाणित मूळ आणि छपाईची तपासणी अपरिहार्य आहे. तिसरा प्रश्न पुढच्या वाटेचा. शी पांढरी आहे हे कळले, मग जायचे कोठे? नवजात यकृतदाहासारखे आजार हुबेहूब असेच दिसतात. सोनोग्राफी, यकृताचा तुकडा घेऊन केलेली तपासणी आणि अखेर शस्त्रक्रियेच्या टेबलावर पित्तमार्गाचे चित्रण, असा निदानाचा क्रम आहे. या चाचण्या एकीचा अहवाल आल्यावर दुसरी अशा संथ गतीने केल्या, तर मोठ्या रुग्णालयातही आठवडे निघून जातात. म्हणून प्रत्येक राज्याने शस्त्रक्रिया करणारी केंद्रे निश्चित करून जिल्हा रुग्णालयांना ठाऊक करून द्यावीत, आणि अशा बाळाला ओपीडीची तारीख न देता त्याच आठवड्यात दाखल करून घेण्याचा नियम असावा. या पुढच्या वाटेवाचून कार्ड म्हणजे केवळ भीतीचा कागद होईल.

१९९८ मध्ये दिल्लीत झालेले लहान मुलाचे भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण याच आजारासाठी होते. वडिलांनी आपल्या यकृताचा भाग दिला आणि ते बाळ मोठे होऊन डॉक्टर झाले. ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु तिचा आधार घेऊन ‘आता प्रत्यारोपण आहे की’ असे म्हणणे परवडणारे नाही. खासगी रुग्णालयात त्याचा खर्च १५-२० लाखांच्या घरात जातो, दाता लागतो, आयुष्यभर औषधे लागतात. जिच्यामुळे काही मुलांना प्रत्यारोपण टाळता येते आणि अनेकांचे लांबवता येते, ती शस्त्रक्रिया केवळ उशिरामुळे हातची जाते, हे वैद्यकाचे अपयश म्हणण्यापेक्षा आपल्या व्यवस्थेचे अपयश आहे.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात कोठे ना कोठे बाळंतपण होणारच आहे. बाळ १४ दिवसांचे झाले आणि डोळे अजून पिवळे असले, तर शीचा रंग दिवसाच्या उजेडात पाहावा, ती फिकट वाटल्यास मोबाइलवर छायाचित्र काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि ‘डायरेक्ट बिलिरुबिन तपासू या का?’ असे आपणहून विचारावे. बहुतेक वेळा उत्तर निर्धोकच येईल. ज्या एका घरी ते तसे येणार नाही, तेथे साठावा दिवस उजाडायला अजून काही आठवडे शिल्लक असतील.